लांबचे मानकरी

सत्ता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काही ठरावीक चित्रे उभी राहतात. फौजदाराचा दंडा, तलाठ्याचे दप्तर, मामलेदाराची सही आणि फारच झाले तर प्रजासत्ताक दिनाला दिल्लीत निघणारे रणगाडे. सत्तेला हात असतो, तो लांब असतो आणि वेळ आली की आपल्या मानगुटीपर्यंत पोहोचतो, अशी आपली बाळबोध समजूत. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण सत्तेची आणखी एक जात या जगात आहे. तिच्याजवळ दंडा नाही, तुरुंग नाही, कर वसूल करायला कारकून नाही. तिचा एखादा अधिकारी मालवणच्या बाजारात बांगडे घेताना कुणाला दिसलाच, तर तो सुट्टीवर आलेला असणार असे खुशाल समजावे. तरीही ही सत्ता आमच्या वादळात आहे, टपालात आहे, आईच्या दंडावर आहे आणि आता तर समोरच्या किल्ल्यावर जाऊन बसली आहे. जागतिक हवामान संघटना, जागतिक टपाल संघ, जागतिक आरोग्य संघटना, युनेस्को. नावे भारदस्त, पत्ते जिनिव्हाचे, बर्नचे नाहीतर पॅरिसचे, आणि स्वतःचे सैन्य एकाजवळही नाही!

मराठीच्या प्राध्यापकाने या भानगडीत का पडावे, असे कुणी विचारील. माझे उत्तर सरळ आहे. ही सत्ता मुलखात शिरते ती बंदुकीने शिरत नाही, शब्दाने शिरते. आणि शब्दांची चौकी राखणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

आमच्या किनाऱ्यावर कालगणना कशी चालते ती पाहा. एखाद्या तांडेलाला विचारावे, ‘काका, होडी कधी घेतलीत?’ तर तो शक सांगत नाही, सनही सांगत नाही. ‘फयानाच्या आदल्या वर्सा,’ असे सांगतो. फयान म्हणजे २००९ च्या नोव्हेंबरात कोकणकिनाऱ्यावरून गेलेले वादळ. ज्या घरांतली माणसे त्या वेळी समुद्रावर होती, त्या घरांत हा शब्द आजही हळू आवाजातच उच्चारला जातो. असा हा शब्द मालवणी बोलीत खाजे आणि तिरफळाइतका मुरला आहे. एकदा एका म्हाताऱ्या तांडेलाने मला विचारले,

‘सर, ह्या फयान नाव ठेवल्यान कोणी?’

मी सांगितले की नाव ब्रह्मदेशाने सुचवलेले आहे. काका जरा वेळ समुद्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘म्हणजे वादळ आमच्या दारात आणि बारसा ब्रह्मदेशात! बरा आसा!’

काकांचे म्हणणे योग्यच होते. मौज अशी की २०१९ सालच्या दिवाळीत ज्याने आमच्या आकाशकंदिलांची दैना केली ते क्यार, आणि २०२१ च्या मे महिन्यात आले ते तौक्ते, या दोन्ही वादळांची नावेही ब्रह्मदेशाकडूनच आलेली. तौक्ते म्हणजे त्यांच्याकडची मोठ्याने ओरडणारी एक पाल. हे मी सांगितले तेव्हा काकांनी कपाळाला हात लावला. ‘म्हणजे पालीन आमची कौला उडवल्यान!’

या बारशामागची व्यवस्था मोठी पाहण्यासारखी आहे. समुद्रावरचे वारे कुठल्याही राजाची सरहद्द मानत नाहीत. म्हणून १८७३ सालीच निरनिराळ्या देशांच्या वेधशाळांनी आपापसांत बातम्या कळवण्यासाठी एक संस्था काढली. १९५० साली तिची जागतिक हवामान संघटना झाली. १९७२ साली बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांच्या काठच्या देशांचे एक वादळमंडळ स्थापन झाले. वादळांना नावे द्यावीत असे २००० साली ठरले, आणि प्रत्यक्ष नावे पडू लागली ती २००४ पासून. आरंभी आठ देश होते, पुढे तेरा झाले. २०२० साली प्रत्येकाने तेरा नावे दिली आणि १६९ नावांची नवी यादी तयार झाली. भारत आणि पाकिस्तान या यादीत शांतपणे एकत्र नांदतात. वादळ उठले की दिल्लीचे हवामान केंद्र यादीतले पुढचे नाव उचलते, आणि ते मस्कतपासून चितगावपर्यंत सर्वांना मान्य असते. यात हुकूम कुणी कुणाला दिला? कुणीच नाही. नाव मानले नाही तर शिक्षा काय? काहीच नाही. मग सगळे मानतात कशाला? न मानणाऱ्याची गैरसोय होते म्हणून. सत्ता मिळवण्याचा हा सर्वांत सोपा आणि सर्वांत सभ्य मार्ग आहे. आधी लोकांच्या उपयोगी पडावे. मग ती सवय होते. आणि सवयीला पुढे कायदा म्हणतात.

टपालाचे तरी दुसरे काय आहे? माझे एक मामा बोटीवर होते. कोकणात ज्या घरातले कुणी बोटीवर नाही असे घर शोधावेच लागते! मामांची पत्रे येत ती कधी सिंगापूरच्या तिकिटाची, कधी रॉटरडॅमच्या. आमचा पोस्टमन ती पडवीत टाकून जाई. परदेशातल्या राणीचे तिकीट लावलेले पाकीट आपण का पोहोचवावे, त्याचे पैसे तर तिकडे भरलेले आहेत, असा प्रश्न त्याला कधी पडला नाही. १८७४ साली स्वित्झर्लंडातल्या बर्न शहरी बावीस देशांनी करार केला की तुझे पत्र मी पोहोचवीन, माझे तू पोहोचव. १८७६ साली हिंदुस्थान त्यात सामील झाला. तेव्हापासून आमचा हा पोस्टमन, त्याला ठाऊक नसताना, एका जागतिक साम्राज्याचा शिपाई आहे. या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही, आणि त्याची भीतीही कुणाला वाटत नाही.

पण सोयीवर उभ्या राहिलेल्या सत्तेला सतत कमरेत वाकावे लागते. चीनमधून येणारी लहान पुडकी आम्हांला फार स्वस्तात पोहोचवावी लागतात, अशी तक्रार करून अमेरिकेने २०१८ साली टपाल संघ सोडण्याची नोटीस दिली. दुसरी एखादी संस्था असती तर तत्त्वाचा प्रश्न करून बसली असती. टपाल संघाने २०१९ च्या सप्टेंबरात जिनिव्हाला खास बैठक बोलावली, दर ठरवण्याची रीत बदलली आणि अमेरिकेला ठेवून घेतले. आमच्याकडे लग्नघरात रुसलेल्या श्रीमंत आतेभावाला पंगतीच्या अग्रभागी पाट मांडून समजावतात, त्यातलाच प्रकार. हा लाचारपणा म्हणायचा की शहाणपणा? ज्याला लग्न पार पाडायचे असते तो हा प्रश्न विचारीत नाही.

आता आईच्या दंडाविषयी सांगतो. तिच्या दंडावर रुपयाएवढे दोन खोलगट व्रण आहेत. माझ्या थोरल्या बहिणीच्या दंडावरही आहेत. माझ्या दंडावर क्षयाच्या लसीची एक बारीक खूण तेवढी आहे, हे मोठे व्रण नाहीत. आमच्या घरात जणू एक रेघ आखलेली आहे. रेघेच्या अलीकडे जन्मलेल्यांना देवी काढाव्या लागल्या, पलीकडे जन्मलेल्यांना लागल्या नाहीत. मराठीत त्या रोगाचे नाव आणि दैवताचे नाव एकच होते, यावरून त्याची दहशत किती असेल ते समजावे. तो केवळ रोग नव्हता, घरी आलेली देवी होती. तिला ‘जा’ म्हणण्याचीही चोरी! तिला पृथ्वीवरूनच निरोप देण्याचे काम जागतिक आरोग्य संघटनेच्या नेतृत्वाखाली झाले. भारतातला शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यात सापडला, १९७७ साली भारत देवीमुक्त असल्याचे जाहीर झाले आणि १९८० च्या मे महिन्यात सारे जग.

या हकिकतीत मला विशेष वाटते ते निराळेच. हिवतापाचे निर्मूलन करू अशी गर्जना याच संघटनेने १९५५ साली केली होती, आणि १९६९ साली ती मुकाट्याने मागे घ्यावी लागली होती. देवीच्या वेळी तिने रीत बदलली. सरसकट सर्वांना टोचत बसण्यापेक्षा रोगी कुठे आहे तो शोधा आणि त्याच्याभोवती लस टोचून वेढा घाला, हे तंत्र धरले. रोगी दाखवणाऱ्याला बक्षीस लावले. ते वाढत वाढत हजार रुपयांपर्यंत गेले. आणि घरोघर हिंडले कोण? जिनिव्हाचे साहेब मूठभर. उन्हातान्हात दारोदार फिरले ते आपलेच आरोग्यसेवक, आपलेच मास्तर, आपलेच पाटील. म्हणजे या सत्तेला स्वतःचे हात नसतात हे खरे, पण ती दुसऱ्याचे हात उसने घेते. हात उसने देणाऱ्याला ते आपल्याच कामासाठी वापरले जात आहेत असे वाटले तर देवी जाते. तसे वाटले नाही तर कागदांचे गठ्ठे वाढतात आणि डास जागच्या जागी राहतात.

सोय आणि मोजमाप या दोन वाटा झाल्या. तिसरी वाट मानाची. आणि मानाचे शास्त्र कोकण्याला कुणी शिकवायला नको!

आमच्या गावऱ्हाटीत देवळाचे मानकरी असतात. पालखीला पहिला खांदा कुणी द्यायचा, गाऱ्हाणे कुणी घालायचे, प्रसादाचा नारळ प्रथम कुणाच्या हाती पडायचा, हे सारे ठरलेले. त्या नारळाची किंमत बाजारात चाळीसपन्नास रुपयांच्या वर नसते. पण त्याच्यासाठी भावाभावांनी कोर्टाच्या पायऱ्या पिढ्यान्‌पिढ्या झिजवल्या आहेत. मान खाता येत नाही, हे खरे. पण गेला तर जेवण गोड लागत नाही. आणि कौलाची सत्ता पाहा. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीची जत्रा पंचांगातल्या कुठल्याही तिथीला बांधलेली नाही. देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो. तो एकदा जाहीर झाला की मुंबईचे चाकरमानी रजेचे अर्ज टाकतात, रेल्वे जादा गाड्या सोडते, मंत्र्यांचे दौरे आखले जातात. हुकूम कुणाचा? कुणाचाच नाही. पोलीस येतात ते गर्दी आवरायला. जत्रेला या असे सांगायला कुणी येत नाही. ज्याने आंगणेवाडी पाहिली आहे त्याला युनेस्को समजायला अवघड जाऊ नये.

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची सत्तेचाळिसावी बैठक चालू होती. तिने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना आपल्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतला जिंजी. त्यांत आमच्या जिल्ह्याचे दोन, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. ही बातमी आली त्या दिवशी मालवणात पाऊस कोसळत होता. किल्ल्याच्या होड्या हंगाम संपून केव्हाच किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, आणि किल्ला पावसाच्या पडद्याआड दिसतही नव्हता. तरी गावात पेढे वाटले गेले. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला, त्या किल्ल्याला मोठे व्हायला पॅरिसच्या शिक्क्याची काय गरज, असे एक गृहस्थ तावातावाने मला विचारीत होते. विचारताना त्यांच्याही हातात पेढा होता. मानाची गंमत ही अशी असते.

या शिक्क्याची पत कशी वाढत गेली तो इतिहास फार जुना नाही. नाईल नदीवर आस्वानचे मोठे धरण बांधायचे ठरले, तेव्हा अबू सिंबेलची प्राचीन मंदिरे पाण्याखाली जाणार होती. १९६० साली युनेस्कोने जगाला हाक दिली. अनेक देशांनी पैसा दिला, आणि १९६४ ते १९६८ या काळात डोंगरातली ती मंदिरे कापून, दगडांना आकडे घालून, वर उंचावर नेऊन पुन्हा उभी केली. एका देशाची मंदिरे साऱ्या जगाची आहेत, ही कल्पना तोवर व्याख्यानात शोभण्यासारखी होती. त्या चार वर्षांत ती दगडात उतरली. १९७२ साली जागतिक वारशाचा करार झाला. १९७७ साली भारताने तो स्वीकारला. १९७८ साली पहिली यादी निघाली तीत अवघी बारा स्थळे होती. आज यादीतल्या स्थळांची संख्या हजाराच्या पुढे आहे.

एकदा यादी केली की यादीतून काढण्याचीही सत्ता येते, आणि खरी शक्ती तीत आहे. हंपीच्या अवशेषांजवळ पूल बांधायला काढले म्हणून १९९९ साली हंपी धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेली. ती तिथून बाहेर आली २००६ साली. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराने एल्बे नदीवर पूल बांधण्याचा हट्ट सोडला नाही, तेव्हा २००९ साली त्या खोऱ्याचे नाव कायमचे खोडण्यात आले. २०२१ साली लिव्हरपूलचीही तीच गत झाली. ड्रेस्डेनच्या लोकांना कुणी दंड केला नाही. ते आजही त्या पुलावरून मजेत ये-जा करीत असतील. पण गावजेवणात पान मांडून मग उचलून नेल्यासारखे झाले खरे.

येथवर मी या लांबच्या मानकऱ्यांचे कौतुकच करीत आलो. पण आमच्या किनाऱ्यावरचा माणूस त्यांच्याकडे जरा डोळे बारीक करून बघतो, आणि त्याची कारणेही आहेत. १९८७ साली सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा समुद्र सरकारने सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. हे काम आपल्याच सरकारचे, आपल्याच कायद्याखालचे. पण बापजाद्यांनी जिथे जाळी टाकली ते पाणी एका कागदाने पराये झाले, अशी भीती गाबीत वस्तीत पसरली आणि विरोध झाला. तेव्हापासून ‘संरक्षण’ हा शब्द मालवणात उच्चारला की पहिला प्रश्न येतो, ‘कोणापासून?’

म्हणून पुढे २०१०नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने सरकारच्या जोडीने सिंधुदुर्गकिनाऱ्यावर सागरी जीवसृष्टीचा प्रकल्प आणला, तेव्हा त्याची चाल निराळी होती. कुंपणाची भाषा कमी आणि कालवे, खेकडे, कांदळवन यांची भाषा अधिक. खाडीत बायकांच्या बचतगटांनी कालवांची शेती करून पाहावी, खेकडे वाढवून पाहावेत, अशी ती योजना. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायका स्वतः वल्ही मारून पाहुण्यांना कांदळवन दाखवू लागल्या. ज्या तिवरांकडे पूर्वी जळण म्हणून पाहिले जाई, त्यांची जातवार माहिती त्या पाहुण्यांना देतात. सारेच प्रयोग फळले असे नाही. खाडीही लहरी आणि बाजारही लहरी. पण सत्तेने वेश बदलला होता. आधी ती ‘येथे येऊ नका’ असे सांगत आली होती, आता ‘चला, मिळून करू’ म्हणत होती.

याच सुमारास एका कार्यालयातून कसलेसे पत्रक मराठीत उतरवण्यासाठी माझ्याकडे आले. त्यात ‘स्टेकहोल्डर’ हा शब्द ओळीआड होता. कार्यालयाच्या कोशात त्याला ‘हितसंबंधी’ असा प्रतिशब्द दिलेला. आता मराठीत ‘यात त्याचे हितसंबंध गुंतले आहेत’ असे आपण कुणाविषयी म्हणतो? चांगल्या माणसाविषयी खचितच नाही! मच्छीमारांना ‘तुम्ही या समुद्राचे हितसंबंधी आहात’ असे म्हणणे म्हणजे त्यांना सभेला बोलावून चोर म्हणण्यासारखे. मी तो शब्द खोडून ‘वाटेकरी’ असे लिहिले. हा शब्द मी रापणीतून घेतला होता. रापणीचे मोठे जाळे किनाऱ्यावरून ओढताना पन्नाससाठ माणसे दोराला लागतात. मग मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसागणिक वाटा. वाटेने जाणाऱ्या एखाद्याने सहज दोराला हात लावला तरी त्याला चार मासे दिल्यावाचून पाठवीत नाहीत. समुद्रात कोण कुणाचा कोण, याचा इतका नेमका कायदा मला दुसऱ्या कुठल्या ग्रंथात आढळलेला नाही.

कार्यालयाने माझा शब्द परत पाठवला. शेरा होता, ‘वाटेकरी या शब्दाने लाभार्थींत हक्काची भावना निर्माण होऊ शकते.’

हा शेरा मी आजवर विसरलेलो नाही. त्या एका ओळीत साऱ्या व्यवहाराची मेख आहे. लांबच्या मानकऱ्यांना आमचे हात हवे असतात, होकार हवा असतो, छायाचित्रे तर हवीच असतात. वाटा मात्र कुणाला किती, हा प्रश्न निघाला की शब्द बदलतात. आणि खरे सांगायचे तर यात जिनिव्हा-पॅरिसचा दोष कमी, मधल्या पायरीवर बसलेल्यांचा अधिक. ‘वरून आले आहे’ या तीन शब्दांच्या आड आमच्याकडे काय काय लपते! वर कोण, त्याने नेमके काय लिहिले आहे, हे विचारायची सोय नाही. कारण ते लिहिलेले मराठीत नसते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. या संस्था नसत्या तर दुबळ्याला दाद मागायला दारच उरले नसते. कासवांची गोष्ट घ्या. आमच्या तांबळडेगच्या आणि वायंगणीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. गावकरी ती राखतात, आणि पिल्ले समुद्रात सोडण्याचा सोहळा बघायला माणसे येतात. या कासवांच्या नावावर अमेरिकेने एक कायदा केला. ज्यांच्या ट्रॉलरच्या जाळ्यांना कासव सुटून जायची खिडकी नाही, त्यांची कोळंबी आम्ही घेणार नाही. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड हे चार देश जागतिक व्यापार संघटनेच्या पंचांपुढे गेले. १९९८ साली अपील मंडळाने निकाल दिला. कासवे राखण्याचा हेतू रास्त आहे, पण कायदा वापरताना अमेरिकेने देशादेशांत डावेउजवे केले, ते गैर. महासत्तेला असे तोंडावर सांगितले गेले, ही गोष्ट लहान नव्हे. पण कायदा कायम राहिला. पुढे २०१९ पासून भारताच्या समुद्रातल्या कोळंबीला अमेरिकेने दार बंद केले. त्याच वर्षी डिसेंबरात ते अपील मंडळच ठप्प झाले, कारण नवे पंच नेमायला अमेरिकेने संमती दिली नाही. युनेस्कोतून तर अमेरिका १९८४ साली गेली, २००३ साली परतली, २०१८च्या अखेरीस गेली, २०२३ साली परतली आणि २०२५ साली पुन्हा निघाल्याचे तिने जाहीर केले. मान देणाऱ्याचा मान मोठा मानकरी रुसेपर्यंतच टिकतो, ही गावऱ्हाटीची जुनी शिकवण आहे.

तरी या संस्था मोडून पडत नाहीत, त्या शिकत जातात. वारशाच्या यादीत युरोपातले राजवाडे आणि चर्चेच फार, अशी ओरड झाली. १९९४ साली युनेस्कोने यादीचा तोल सावरण्याचे धोरण आखले. २००७ साली स्थानिक समाज हाही जतनाचा एक आधार आहे, असे ठरावाने मान्य केले. म्हणजे तिथे वरती, कागदावर, वाटेकऱ्याला जागा झाली आहे. ती जागा आहे हे येथे खालती कुणी सांगत नाही, इतकेच.

कौलाचे एक मर्म आहे. देवाला पाकळ्या लावतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण देव काही आपण होऊन बोलत नाही. त्याला प्रश्न घालावा लागतो. म्हणून गावऱ्हाटीत खरी सत्ता देवाची जेवढी असते, तेवढीच प्रश्न घालणाऱ्याचीही असते. पॅरिसच्या देवापुढे प्रश्न सरकारने घातला होता, ‘हा किल्ला जगाच्या मोलाचा आहे काय?’ कौल उजवा पडला, आनंद झाला. पण तटाच्या आत अजून काही कुटुंबे राहतात, त्यांचे प्रश्न निराळे. धक्क्यावरचे होडीवाले, वाळूत मासे सुकत घालणाऱ्या बायका, यांचे आणखी निराळे. ते प्रश्न कोण घालणार?

यंदा पावसाळ्याच्या अखेरीस मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला पत्रलेखनाचा विषय दिला. ‘जागतिक वारसा समितीस पत्र.’ गाऱ्हाणे घालण्याच्या रीतीने लिहा म्हटले. आधी देवाचा मान, मग आपली मागणी, शेवटी नवस. मुलांनी झकास पत्रे लिहिली. कुणी धक्क्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह मागितले. कुणी तटावर उगवलेली झाडे काढायला गावातल्याच माणसांना शिकवा आणि मजुरी द्या, असे सुचवले. एका मुलीचे वडील किल्ल्याची होडी चालवतात. तिच्या पत्रात अलंकार नव्हते, तक्रारही नव्हती. तिने लिहिले होते, ‘आपण आमच्या किल्ल्याला मोठा मान दिलात, आम्ही आभारी आहोत. आता पाहुणे वाढतील. मोठ्या बोटी घेऊन बाहेरच्या कंपन्या येतील. आपल्या कागदात किल्ल्याचे दगड, चुना, बुरूज सगळे मोजले आहे असे सरांनी सांगितले. त्या कागदात आमच्या होड्या मोजल्या आहेत का, ते कृपया मराठीत कळवावे.’

मी त्या पत्राला दहापैकी नऊ गुण दिले. एक राखून ठेवला आहे. उत्तर आले की देईन. पाकिटावर पुरेशी तिकिटे लावून ते पत्र मी मालवणच्या टपालपेटीत टाकले आहे. बर्नच्या करारावर माझा पूर्ण विश्वास आहे. ते पॅरिसला खात्रीने पोहोचेल. पुढचा प्रश्न तिथे मराठी वाचणारा कुणी आहे की नाही, हा.